चुंबक चिकटला तर मागं फिर

बेळगुंदी, रविवार २२ सप्टेंबर

वर काय मायना घालायचा ते सुचलं नाही, म्हणून काहीच घातलेला नाही.

फोनवर बोलायला गेलं की तुमच्या मागे भांडी आदळतात, तुम्ही "ऑर्डर आलीय" म्हणता आणि ठेवता. नाही ठेवलात तर आपण भांडतो. पत्र तरी मध्येच कुणाला तोडता येणार नाही. किशन भाजीचा टेंपो घेऊन चोर्ला घाटानं गोव्यात उतरतो, तुमच्या हॉटेलच्या मागच्या दाराशी कोबी-फ्लॉवर टाकतो, तेव्हा हेही टाकेल. मी विचारलं तर म्हणाला, "व्हय वैनी, टोमॅटोपेक्षा हलकंच हाय की त्ये."

गणपतीत तुम्ही आईंसमोर म्हणालात ते मला शब्दाला शब्द आठवतं. "चांगलं जुनं गॅसचं ग्रिल मिळालं तर मी परत जात न्हाई. जांबोटी रस्त्याला आपलाच धंदा घालून उभं राहू." रागाच्या भरात म्हणालात का, हे मी स्वतःला बऱ्याचदा विचारलं. पण रागात माणूस इतक्या बारीक सूचना देत नाही. पत्रा कसा बघायचा, चुंबक कुठं लावायचा, ज्योत कशी हवी, सगळं सांगितलंत. पातळ नव्यापेक्षा जाड जुनं घेऊन नीट केलेलं बरं, हेही तुमचंच. मग मालकाचा फोन आला आणि गणपती पाण्यात जायच्या आधी तुम्ही गेलात. सूचना माझ्याकडे राहिल्या.

म्हणून आज काकतीला गेले होते. हायवेच्या कामात बंद पडलेला एक धाबा आहे. ग्रिल बाहेरून असं चकचकीत की मला वाटलं, पहिल्याच फेरीत काम झालं. तुम्ही सांगितल्याप्रमाणे आधी तळ बघितला. चरबी पडायचा ट्रे ओढून काढला, खालच्या पत्र्याला स्क्रू ड्रायव्हर टोचला. तो बिस्किटात जावा तसा आत गेला. आणखी दोन जागी टोचला, तिथंही तेच. धाबेवाला ओरडला, "ओ बाई, घ्याय आलाय का भोकं पाडाय?"

मी सॉरी म्हटलं. घरी येताना बसमध्ये विचार करत होते की तिसऱ्यांदा टोचायची गरज होती का.

सुबरावमामांनी जांबोटी रस्त्यावरची शेड दिवाळीपर्यंत आपल्यासाठी ठेवली आहे. त्यानंतर पंक्चरवाल्याला देणार. हे तुम्हाला माहीत आहे, तरी लिहिते.

मंजुश्री


बेळगुंदी, रविवार ६ ऑक्टोबर

काकतीचं वाचून तुमचा निरोप आला, "बरं केलंस." दोन शब्द, पण आले.

आज निपाणी. तिथं हायवेच्या कडेला मारुतीराव म्हणून एकांचं मोठं आवार आहे. बंद पडलेल्या हॉटेलांचं सामान घेतात आणि विकतात. इडलीची भांडी, फ्रीज, लग्नाच्या हॉलचे पंखे, देवघरसुद्धा होतं एक. मधोमध उन्हात एक ग्रिल. जाळीच्या सळ्या बोटाएवढ्या जाड, काळ्या, खडबडीत, जोड कुठंच नाही, एकसंध ओतलेल्या. एक भाग उचलायला मला दोन्ही हात लागले. बाहेरचा पत्रा बरा. तळाला टोचून बघितलं, टिकला. मग पर्समधून चुंबक काढला आणि जाळीला लावला. टक्कन चिकटला. ओढून काढावा लागला.

मारुतीराव खुर्चीतून बघत होते. "ताई, सोनं तपासाय आलाय व्हय? चिकटंना का! चिकटलं म्हंजी लोखंड हाय, दणकट हाय!"

विकणारा असंच बोलणार, म्हणून मी लक्ष दिलं नाही. तरी पेटवून दाखवा म्हटलं. ज्योत पिवळी आली, लांब, धुरकट, जाळीच्या वर जीभ काढल्यासारखी. दोन्ही वाईट. तुमचे शब्द आठवले, "चुंबक चिकटला तर मागं फिर." मी फिरले.

खरं लिहायचं तर फिरताना मला जरा हलकं वाटलं. का, ते मला सांगता येत नाही. लग्नाला एकोणीस वर्षं झाली आणि त्यातला प्रत्येक पावसाळा तेवढा आपला. बारा महिने तुम्ही घरात असाल तर सकाळचा चहा कोण आधी करणार, इतक्या साध्या गोष्टीही आपल्या ठरलेल्या नाहीत. पण ते हलकं वाटणं निपाणी मागे पडेपर्यंतसुद्धा टिकलं नाही. निपाणी आगाराच्या गाडीत उभ्यानं येताना मला नुसता राग येत होता, रविवार गेल्याचा.

सगळं जसंच्या तसं लिहिलं आहे. चूक झाली असेल तर सांगा.

मंजुश्री


बेळगाव, सोमवार १४ ऑक्टोबर

शाळेच्या ऑफिसात बसून लिहिते आहे. दसऱ्याची सुटी संपली, मुख्याध्यापक अजून आलेले नाहीत.

निपाणीबद्दल तुमचा निरोप पोचला. "बरं केलंस. असलं घेऊ नको." मग मी कॅम्पातल्या बंगल्यातलं ग्रिल शोधलं. मालक मिलिटरीतले, मुलाकडे कायमचे निघालेले. झाकणाला चुंबक चिकटला नाही, जाळीला चिकटला नाही, ज्योत निळी, सांध्यांना साबणाचं पाणी लावलं तर एक बुडबुडा नाही. मी उभ्या उभ्या फोटो पाठवले. दोन तासांनी तुमचं उत्तर: "लहान आहे. घरगुती."

बरं, लहान असेल. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वडगावला एका लग्नाच्या आचाऱ्याकडचं बघितलं. लांबच लांब, चार बर्नर. फोटो पाठवला. तुमचं उत्तर: "मोठं आहे. गॅस खाईल."

मग केवढं हवं? हे मी फोनवर विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "बघून कळतं." मी म्हटलं, मग येऊन बघा. तुम्ही म्हणालात, ऑर्डर आलीय.

मी चिडले आहे आणि चिडून लिहिलेलं पत्र दुसऱ्या दिवशी मलाच वाचवत नाही, म्हणून जपून लिहिते. मी माझंही तपासून पाहिलं. प्रत्येक ग्रिलचे दोष मी इतके सविस्तर कळवते की वाचणारा नको म्हणणारच, असं तर नाही ना? कॅम्पातल्या ग्रिलचं एक चाक कुरकुरतं हेसुद्धा मी लिहिलं होतं. चाक कुरकुरतं म्हणून कुणी ग्रिल सोडत नाही. पण न लिहिता राहवत नाही. घेतल्यावर दोष निघाला आणि तुम्ही "सांगितलं नाहीस" म्हणालात, तर ते मला सहन होणार नाही.

आई रोज विचारतात, "घावलं का गं त्ये भट्टीवाणी?" मी नाही म्हणते. त्या म्हणतात, "माझ्या लेकाला पसंत पडंल असं ह्या जल्मात घावायचं न्हाई. तुला बघाय आलतो तवाबी घरी येऊन म्हणाला, पोरगी शिकलीय लई." हे सांगून त्या हसतात. मला हसू आलं नाही.

मंजुश्री


बेळगुंदी, रविवार २० ऑक्टोबर

हे पत्र छोटं आहे.

आज सकाळी आई आंबोळ्या घालत होत्या. तवा खाली उतरवून, पुसून त्यांनी ओट्यावर ठेवला. मी पर्स आवरत होते. चुंबक तव्याशेजारी ठेवला तर तो सरकून टक्कन तव्याला चिकटला. तोच आवाज. निपाणीचा.

आई ओरडल्या, "आगं, माझ्या तव्याला काय लावलंस? निघंना की त्ये!"

"आई, हा बिडाचा ना?"

"मग काय मातीचा? माझ्या सासूचा हाय. परशरामला न्ह्यायचा होता गोव्याला. मी दिला न्हाई. म्हणाला, आये, बिडागत तापणं कशाचंच न्हाई, आमच्या हॉटेलातबी जाळी बिडाचीच हाय."

मी चुंबक ओढून काढला आणि पुन्हा एकदा लावून बघितला.

बीड म्हणजे ओतीव लोखंडच, त्याला चुंबक चिकटणारच. चिकटायलाच हवा. चुंबकाची परीक्षा पत्र्याची, स्टीलची; न गंजणाऱ्या चांगल्या स्टीलला तो चिकटत नाही. मी ती जाळीला लावली, कारण तुम्ही सांगितलेलं वाक्य मी पाठ केलं होतं आणि ते कशासाठी आहे हे विचारलं नव्हतं. ही चूक माझी. ती मी माझ्याकडे घेते.

पण सहा तारखेच्या पत्रात मी काय लिहिलं होतं? बोटाएवढ्या सळ्या, काळ्या, खडबडीत, एकसंध ओतलेल्या, उचलायला दोन हात. ज्याची आयुष्याची इतकी वर्षं बिडाच्या जाळीपुढे उभं राहण्यात गेली, त्याला हे वाचून काय कळलं असेल? पत्र घाईत वाचलं असेल असं मी स्वतःला समजावलं. म्हणून संध्याकाळी किशनला विचारलं, निपाणीचं पत्र अण्णांनी नीट वाचलं होतं का रे?

तो म्हणाला, "वाचलं की वैनी. दोनदा वाचलं. मग बिडी पेटवली आणि मला म्हणाले, तुजी वैनी लई बारीक बघत्या रं."

म्हणजे कळलं होतं. आणि तरी लिहिलंत, "बरं केलंस. असलं घेऊ नको."

कॅम्पातलं लहान, वडगावचं मोठं, आणि जे नेमकं होतं ते "असलं". मी इतके रविवार ग्रिल शोधत नव्हते तर. तुम्हाला नाही म्हणायला एक एक कारण आणून देत होते.

मंजुश्री


बेळगुंदी, रविवार २७ ऑक्टोबर

माझ्या मागच्या पत्राला उत्तर नाही. दोन शब्दही नाहीत. मी शनिवारपर्यंत वाट बघितली आणि आज पुन्हा निपाणीला गेले.

का गेले, याचं उत्तर मी बसमध्ये शोधत होते. तुम्हाला खोटं पाडायला? थोडं तेही होतं. पण तेवढ्यासाठी कुणी दोन बस बदलत नाही. मला ते ग्रिल हवं होतं. मी इतकी ग्रिलं टोचली, हुंगली, पेटवली की आता रस्त्यावरून जाताना दुसऱ्याच्या गाड्यावरची ज्योत माझ्या डोळ्यांना आपोआप दिसते. हे कधी झालं ते कळलं नाही.

मारुतीरावांनी लांबूनच ओळखलं. "आला व्हय परत! चुंबक कुठाय?"

"घरी ठेवलाय," मी म्हटलं.

"मग आता काय लावून बघनार? लिंबू-मिरची?"

ग्रिल होतं तिथंच होतं, तसंच उन्हात. पिवळी ज्योत बघून जो तो जात होता. मी सिलिंडर लावायला सांगितलं आणि पुन्हा पेटवलं. पुन्हा पिवळी, धुरकट. पण या वेळी खाली वाकून बघितलं. तीनपैकी उजवीकडचा बर्नर बरा जळत होता. डावे दोनच पिवळे. गॅस सगळ्यांना एकाच नळीतून येतो, मग दोघांचंच का बिघडावं?

आपल्या घरातली शेगडी अशी पिवळी जळायला लागली होती तेव्हा तुम्ही एकदा म्हणाला होतात, गॅसला वारा मिळत नाही. तेवढंच. ते मला आठवलं. बंद करून, गार होऊ देऊन मी दोन्ही बर्नर बाहेर ओढले. गॅस आणि वारा जिथं मिसळतात त्या नळीच्या तोंडात बोट घातलं तर आत माती. सुकलेली, गुळगुळीत, लिंपलेली. कुंभारीण माशीचं घर. आपल्या खिडकीच्या चौकटीत करते ना, तसंच. दुसऱ्या नळीतही.

मारुतीराव खुर्चीतून उठून आले. "आयला! एवढ्याशा किड्यानं माझं गिऱ्हाईक पळवलं व्हय!" मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आता ह्येचा भाव वाढला बघा ताई."

"मग माती परत भरते," मी म्हटलं.

ते इतके हसले की पलीकडच्या चहावाल्यानं मान वर केली. भाव वाढवला नाही.

तारेनं माती काढली, नळ्या फुंकल्या, बर्नर बसवले. तिन्ही ज्योती निळ्या, बसक्या, एकसारख्या. साबणाचं पाणी लावलं तेव्हा एका सांध्याला बुडबुडे आले, तो सांधा आणि रबरी नळी बदलायची आहे. ट्रेचा एक कोपरा गंजला आहे. डाव्या बाजूची मूठ तुटलेली आहे. हे सगळं मी सवयीनं लिहिते आहे. तुमच्या परवानगीसाठी लिहीत नाही. ग्रिल घेतलं. उद्या शेडवर येईल.

ज्योत निळी झाली तेव्हा मला आनंद झाला. कुणाला तरी सांगावं म्हणून मी फोन काढला, तुमचं नाव बोटाखाली आलं, आणि मी फोन परत ठेवला.

आता ग्रिल चांगलं आहे की वाईट, हे मला सांगू नका. येणार की नाही, तेवढंच सांगा. दिवाळी शुक्रवारी आहे.

मंजुश्री


जांबोटी रस्ता, रविवार १० नोव्हेंबर

परशराम,

नाव घालून लिहिते आहे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. लिहिताना वाटलं होतं तितकं अवघड गेलं नाही.

दिवाळी झाली. पहिल्या अंघोळीला आईंनी तुमचाही पाट मांडला होता. पाडव्याला त्यांनी तो उचलून ठेवला.

तुमचा चिमटा पोचला. किशननं मंगळवारी सकाळी वर्तमानपत्रात गुंडाळलेला लांब पुडा आणून दिला तेव्हा मला क्षणभर कळलंच नाही काय आहे ते. उघडल्यावर ओळखला. कुठल्याही पावसाळ्यात घरी येताना तुम्ही तो मागे ठेवला नाहीत, कपड्यांच्या पिशवीत तिरका घालून आणायचात. आचारी आपला चिमटा दुसऱ्याच्या हातात देत नाही, हे तुम्हीच सांगितलं होतं. त्यामुळे मी पहिल्यांदा काय समजले ते तुम्हाला कळेल. मी रस्त्याकडे बघितलं. टेंपोत दुसरं कुणी नव्हतं.

किशन मान खाली घालून उभा होता. म्हणाला, "वैनी, मी म्हटलं, अण्णा चला की, टेंपो रिकामाच जातोय. तर म्हणाले, हितं मला शेफ म्हणत्यात रं. तितं रस्त्याकडंला रताळी भाजत बसू? मग आत गेले आणि ह्यो आणून दिला. म्हणाले, तिला सांग, हात भाजून घिऊ नको."

बरं झालं, शेवटी खरं काय ते कळलं. ते मला सप्टेंबरातच सांगितलं असतंत तरी मी समजून घेतलं असतं, असं मी इथं लिहिणार होते. पण ते खरं आहे का? बहुतेक मी समजून घेतलं नसतं. मी भांडले असते, रडले असते, आणि निपाणीला गेले नसते. म्हणून ते वाक्य लिहीत नाही. राग मात्र आहे. माझे रविवार वापरून तुम्ही नाही म्हणालात, त्याचा. तो कधी जाईल ते माहीत नाही.

रोज एक रिकामा टेंपो तुमच्याकडून बेळगावला येतो. हे माहीत असावं म्हणून लिहिते.

शेड आपलीच राहिली. मामांनी ग्रिल पेटलेलं बघितलं आणि पंक्चरवाल्याला पलीकडची जागा दिली. मी शनिवारी दुपारनंतर आणि रविवारी दिवसभर असते, शाळा सोडलेली नाही. आपल्याच शेतातली रताळी आणि कणसं, विकतचं पनीर. रताळ्याच्या जाड चकत्या करून, तेल-तिखट-मीठ लावून बिडाच्या जाळीवर ठेवल्या की काळ्या पट्ट्या उमटतात, बाहेर कडक आणि आत मऊ होतात. गोव्याला जाणाऱ्या गाड्या थांबतात. पुण्याच्या एका बाईंनी विचारलं, ही कुठली डिश? शेजारी स्टुलावर बसलेल्या आईंनी माझ्या आधी सांगितलं, "डिश न्हवं बाई, रताळं हाय त्ये. चावून बघा, कळतंय."

आई येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात की ग्रिल सुनेनं शोधलं. माशीची गोष्टही सांगतात. त्यांच्या सांगण्यात माशीच्या जागी आता साप आला आहे. मी दुरुस्त करायला गेले तर म्हणाल्या, "तू गप गं, तुला गिऱ्हाईक कळत न्हाई." मी चकत्या उलटल्या.

चिमट्याचं सांगायचं राहिलं. तो चांगला आहे, पकड अजून घट्ट आहे. पण तुमच्या उंचीचा आणि तुमच्या हाताचा. मला तो कोपराच्याही मागे जायचा, चकती उलटताना मनगट पिळवटायचं, दोन कणसं खाली मातीत पडली. काल दुपारभर मी तो तसाच वापरला. तुमची वस्तू आहे, तुम्ही याल तेव्हा जशीच्या तशी हातात द्यावी, म्हणून.

आज सकाळी रस्त्यापलीकडच्या वेल्डिंगवाल्याकडे गेले. त्यानं मला दोनदा विचारलं, "नक्की कापू न्हवं?" मी हात पुढे धरला आणि कुठून ते दाखवलं. कापून, घासून, मूठ परत वाकवून दिली त्यानं.

आता बरोबर बसतो. तुम्ही आलात तर येताना दुसरा आणा.

मंजुश्री